राखलेला माळ

ऑगस्ट निम्मा सरला तरी पावसाचा पत्ता नव्हता. मका गुडघ्याएवढा होऊन तिथंच थांबला होता आणि दुपारच्या उन्हात पानांची सुरळी करून उभा राहायचा. विंचूरला कांदा घालून परतणारी माणसं वाटेत गुरांसाठी उसाचं वाढं कुठं मिळतंय का ते विचारत यायची. बांधांवरचं गवत गुरांनी मुळासकट ओरबाडून खाल्लं होतं. अशा सालात सगळ्या शिवारात हिरवं म्हणावं असं एकच रान उरलं होतं, ते गोटीरामच्या माळाचं.

माळ चार एकरांचा. मुरमाड, उताराचा, वरच्या अंगाला हिवराची पाच-सहा झाडं. गोटीरामच्या बापानं तिथं दोनदा बाजरी पेरून पाहिली होती आणि दोन्ही वेळा पेरलेलं बीसुद्धा हाती आलं नव्हतं. तेव्हापासून तो पडीकच होता. गावाच्या शेळ्या तिथं चरायच्या, हरणं यायची आणि जायची. तीन सालांपूर्वी गोटीरामनं तो राखायला घेतला. चहूबाजूंनी कुंपणाला बोरीच्या काटेरी बोराट्या रचल्या, उताराला आडवे चर खणले, वरच्या कोपऱ्यात उथळ टाकं बांधलं आणि उन्हाळाभर टँकरनं त्यात पाणी टाकलं. दोन पावसाळ्यांत पवना आणि मारवेल गवत कमरेला लागलं. मग हरणं नुसती येईनात, राहायलाच लागली.

हे कशासाठी केलं म्हणून गावात कुणी विचारलं की गोटीराम म्हणायचा, "असंच." खरं कारण त्याच्या बायकोला, साळूबाईला तेवढं ठाऊक होतं.

त्या साली एप्रिलात तो मळ्यात कांद्याची ट्रॉली भरत होता. विहिरीत काहीतरी जड पडल्याचा आवाज आला आणि काठावर कुत्री भुंकायला लागली. जाऊन पाहतो तर हरणी. मान वर काढून गोल गोल पोहत होती. विहिरीला तेव्हा कठडा नव्हता. माणसं बोलवायची, बाज सोडायची, वनखात्याला फोन लावायचा, तर सगळी दुपार गेली असती आणि ट्रॉली लिलावाला पोचली नसती. तो साळूबाईला म्हणाला, "येतो म्हंजे बघू." दिवस मावळायला परत आला तेव्हा हरणी तरंगत होती. दोर लावून वर ओढली, तर मागच्या अंगातून पिल्लाचे दोन खूर बाहेर आलेले. गोटीरामनं खड्डा खणला, दोघांना पुरलं, हातपाय धुतले आणि घरी येऊन जेवला. जेवला, हेच त्याला अजून आठवायचं. दोन भाकरी खाल्ल्या होत्या आणि वर ताक मागितलं होतं.

पुढच्याच महिन्यात त्यानं विहिरीला कठडा घातला आणि माळाला बोराट्या लावल्या.

तर त्या ऑगस्टात एका सकाळी तो टाकं बघायला माळावर गेला. खालच्या कुंपणाशी गवत हलताना दिसलं. हरणाच्या चालण्यानं हलतं तसं नाही, एका जागी, ठेक्यात. जवळ गेला तर यशोदाबाई खाली बसून विळा चालवत होती.

यशोदाबाई ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीतली. पासष्टी ओलांडलेली, अंगानं काटक. तिचा नवरा काळू वीस वर्षं गोटीरामच्या मळ्यात राबला होता आणि दोन सालांपूर्वी वारला होता. घरी मुलगा, सून, एक गाय आणि चार शेळ्या. माळ बंद व्हायच्या आधी तिच्या शेळ्या रोज इथंच असायच्या.

"यशोदाबाई, काय करू राहिली?"

ती दचकली नाही. "गवत कापू राहिले."

"बोर्ड लावलाय ना तिथं."

"मला कुढं वाचता येतं?"

"बंद केलंय हे तर माहीत हाय."

"माहीत हाय अण्णा." तिनं हातातली मूठभर कापणी बाजूच्या ढिगावर ठेवली. "गाय दोन दिस झाले, कडब्याचे बुडखे चघळू राहिली. एक भारा नेते. कडंकडंनं कापलंय, बघ. मधी पाय टाकला नाय."

खरंच कडेकडेनं कापलं होतं. एक हात रुंदीची पट्टी, सरळ, बुडापासून चार बोटं वर ठेवून. गोटीरामला ते दिसलं. एक भारा गेला असता तर माळाचं काही बिघडणार नव्हतं, हेही त्याला कळत होतं. पण तेवढ्यात खालच्या रस्त्यावर एक मोटारसायकल थांबली. गावातलीच दोघं होती. गाडी बंद करून, एक पाय टेकून बघत बसली. याच दोघांना त्यानं आठवड्यापूर्वी गुरं आत घातली म्हणून हाकललं होतं.

"एकीला दिलं की उद्या गाव विळे घेऊन येईल," तो जरा मोठ्यानं म्हणाला.

"आज कापलंय ते नेऊ दे. उद्या नाय येत."

"नाय. विळा दे इकडं."

यशोदाबाईनं त्याच्याकडं पाहिलं, मग रस्त्याकडं पाहिलं. विळ्याचं पातं लुगड्याला पुसलं. मूठ त्याच्याकडं करून विळा पुढं केला. मग चुंबळ उचलून काखेत दाबली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि बोराटीच्या फटीतून बाहेर पडली. कापलेलं गवत तिथंच पडून राहिलं. मोटारसायकल सुरू झाली आणि निघून गेली.

घरी साळूबाई ओट्यावर लसूण सोलत होती. नवऱ्याच्या हातातला विळा तिनं लांबूनच ओळखला. त्याच्या मुठीला काळूनं तांब्याची तार गुंडाळली होती.

"हा त्यांचा विळा तुमच्याकडं कसा?"

गोटीरामनं सांगितलं. साळूबाईनं सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या.

"आपला पोरगा भारत झाला तेव्हा सव्वा महिना अंघोळ कोण घालत व्हतं त्याला?" ती म्हणाली. "आणि मला?"

 दुपारी ती विळा पदराखाली घेऊन वस्तीवर जाऊन आली.

"काय म्हणाली?"

"काय म्हणायची? सुनेला म्हणाली, साळूबाईला चहा टाक."

त्यानंतर चौथ्या दिवशी दुधाच्या डेअरीवर गोटीरामला कळलं. कालव्याच्या भरावाला पाझरावर थोडं हिरवं होतं म्हणून यशोदाबाई तिकडं गेली होती. वस्तीपासून तासभराची वाट. भारा बांधून डोक्यावर घेताना पाय सटकला आणि ती सिमेंटच्या उतारावरून कोरड्या कालव्यात घसरत गेली. बरंच उन्ह डोक्यावर आल्यावर एका मेंढपाळानं पाहिलं. खुबा मोडला होता. तिचा मुलगा संघर्ष पिकअप चालवायचा. त्याच गाडीत गाद्या टाकून त्यानं आईला नाशिकला सरकारी दवाखान्यात नेलं होतं.

डेअरीवाला म्हणाला, "म्हातारीनं एवढ्या लांब कशाला जायचं?" गोटीरामनं किटली उचलली. बाहेर येऊन चार पावलं गेल्यावर ध्यानात आलं, दूध घालायचंच राहून गेलं होतं.

रविवारी गावात त्याचा सत्कार ठरलेला होता. नाशिकच्या कॉलेजात शिकवणारे अमित सर पक्ष्याप्राण्यांच्या नादातल्या लोकांना घेऊन वर्षातून दोन-तीनदा माळावर यायचे, हरणं मोजायचे. बोर्डही त्यांनीच आणून लावला होता. गोटीरामनं त्यांना फोन केला.

"सर, ते पुढं ढकलता येईल का?"

"का हो अण्णा? तब्येत बरी आहे ना?"

"बरी हाय. पाऊस नाय, लोकांचं मन नाय ठिकाणावर."

"अहो, म्हणूनच तर करायचं. अशा वर्षातसुद्धा एका शेतकऱ्यानं गवत राखलं, हे लोकांपर्यंत जायला हवं."

माणूस चांगला होता आणि मनापासून बोलत होता. गोटीरामनं "बरं" म्हणून फोन ठेवला.

शाळेच्या पटांगणात कापड बांधलं, खुर्च्या मांडल्या. नाशिकहून चाळीसेक माणसं आली, गावातली तेवढीच. शाल, श्रीफळ, फेटा झाला. फेटा घट्ट बसला होता आणि उकाड्यानं कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. अमित सरांनी सांगितलं की तीन वर्षांत हरणांची संख्या सातावरून एकतीसवर गेली, माळटिटव्या आल्या, खोकड आलं. मग म्हणाले, "हे सगळं या माणसानं एकट्यानं केलं. चराई बंद करणं सोपं नसतं. गावात वाईटपणा घ्यावा लागतो."

माईक गोटीरामच्या हातात आला. यशोदाबाईचं नाव घ्यायचं हे त्यानं सकाळपासून ठरवून ठेवलं होतं. काय बोलायचं ते आंघोळ करताना दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. समोर पाहिलं तर शेवटच्या रांगेमागं पिकअप उभी होती आणि तिच्या दाराला टेकून संघर्ष उभा होता. खुर्च्या त्याच्याच गाडीतून आल्या होत्या. 

"सगळ्यांचे आभार," तो म्हणाला आणि माईक परत दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साधा माणूस आहे, असं पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली ते त्याला ऐकू आलं.

नाश्ता करून पाहुणे माळाकडं गेले. संघर्ष खुर्च्या एकात एक घालून गाडीत चढवायला लागला. गोटीराम फेटा काढून हातात धरून त्याच्याजवळ गेला.

"आई कशी हाय?"

"परवा ऑपरेशन. खुब्याचा बॉल बदलायचा म्हणत्यात."

"मला कळलं तेव्हाच येणार व्हतो."

संघर्षनं खुर्च्यांची चळत आत सरकवली. "अण्णा, तुमी काय चुकीचं केलं नाय. रान तुमचं हाय. एकच विचारतो. तुमच्या रानात शिरायला हरणाला कुणाला विचारावं लागतं का?"

"नाय."

"आईला लागलं. एवढंच."

तो रागानं बोलला नव्हता. दोरी आवळून त्यानं गाठ मारली आणि गाडी चालू केली.

ऑपरेशन झाल्यावर तिसऱ्या दिवशी गोटीराम एसटीनं नाशिकला गेला. साळूबाईनं डाळिंबं आणि ज्वारीच्या भाकरींचा डबा दिला होता. वॉर्डात दोन्ही बाजूंनी खाटा होत्या, फिनेलचा वास होता. यशोदाबाई खिडकीकडच्या खाटेवर उताणी पडली होती. दोन पायांच्या मध्ये उशी होती. केस मोकळे सुटले होते. तिला असं झोपलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं ते कायम वाकलेलं किंवा चालतं.

"अण्णा, एवढ्या लांब कशाला आला?"

"नाशकात काम व्हतं."

"काय काम?"

त्यानं स्टूल पुढं ओढलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं, हे कोण म्हणून खूण केली तर म्हणाली, "आमच्या गावचे हायेत. हरणं राखत्यात."

गोटीराम स्टुलावर बसला. डाळिंबं कुठं ठेवावी हे न कळून मांडीवरच धरून राहिला.

"टाक्यात पाणी टाकतो ना?" तिनं विचारलं.

"रोज."

"आता हिवराखाली जाऊ नको. कुणाला नेऊ पण नको. भादवा लागला. वरल्या दगडाच्या आडोशाला पाडसं घालत्यात हरण्या."

"तुला काय ठाऊक?"

"पंधरा वरसं शेळ्या फिरवल्या मी तिथं. त्या दिसांत शेळ्या खालच्या अंगालाच ठेवायची. एकदा कुत्री मागं लागली म्हणून आमच्या मालकानं, संघर्षच्या बापानं, पाडस उचलून घरी आणलं. मी म्हणलं, जिथून उचललं तिथंच ठेवून या. गेले बिचारे परत. मग आमी दोघं बांधाआड बसलो, त्याची आई येती का बघायला. आली. तिसऱ्या पारी आली."

गोटीरामनं खाली पाहिलं. तीन सालं तो असंच समजत होता की बोराट्या लावल्या म्हणून माळावर हरणं टिकली. त्याच्या आधी पंधरा वर्षं तिथं कुणीतरी राखत होतं, बोराट्यांवाचून, आणि त्याला हे माहीतच नव्हतं. रान त्याचं होतं तरी.

"यशोदाबाई," तो म्हणाला, "माझ्यापायी पडलीस तू."

"कालव्यावर मी माझ्या पायानं गेले."

नर्स आली, शेजारच्या बाईची सलाईन बघून गेली. यशोदाबाई छताकडं पाहत होती.

"गवत नाय म्हणाला त्याचं काय नाय," ती म्हणाली. "रान बंद म्हंजे बंद. पण विळा मागायला नको व्हता. ती दोघं बघू राहिली व्हती."

"हो," गोटीराम म्हणाला.

"मालकाचा विळा व्हता."

"हो."

 तो अर्धा तास तसाच बसून राहिला. निघताना डाळिंबं आणि डबा स्टुलावर ठेवला.

गणपती उठल्यावर दोन-चार सरी आल्या. मका काही सावरला नाही, पण माळानं तेवढ्यावर उभारी धरली, पवन्याला तुरे आले. यशोदाबाईला घरी आणल्याचं कळलं तसा गोटीरामनं दुसऱ्या दिवशी पहाटे विळा घेतला. खालच्या कुंपणालगत, तिनं कापलेल्या पट्टीच्या पुढं तो बसला आणि उन्ह चढेपर्यंत कापत राहिला. चाळीस वर्षांनी तो असा बसून गवत कापत होता. आधी कंबर भरून आली, मग बोटाला विळा लागला. तिची पट्टी एका ओळीत होती, त्याची कुठं खोल, कुठं वर. भारा बांधला तो एका बाजूला फुगला.

साळूबाई न्याहारी घेऊन आली होती. "ट्रॅक्टरमधून नेऊन टाका ना," ती म्हणाली.

"डोक्यावर नेतो."

तिनं न्याहारी खाली ठेवली. मग जुन्या धडप्याची चुंबळ वळून त्याच्या डोक्यावर ठेवली आणि भाऱ्याला हात लावला.

माळापासून वस्तीवर जायचं म्हणजे सगळं गाव ओलांडावं लागतं. गवताच्या काड्या डोळ्यांवर लोंबत होत्या, त्यामुळं त्याला समोरचं दिसत नव्हतं, फक्त पायाखालचं दिसत होतं. कुसळं सदऱ्यातून मानेत शिरली होती. पारावर बोलणं चालू होतं, ते तो जवळ आल्यावर थांबलं. कुणी हाक मारली नाही. ओढा तो आडवी पावलं टाकत उतरला. वस्तीच्या पहिल्या घरापुढं एक बाई भांडी घासत होती, ती हात तसाच ठेवून बघत राहिली.

यशोदाबाई ओसरीवर खाटेत बसली होती. बाजूला चालायचा लोखंडी घोडा होता. गोटीराम अंगणात उभा राहिला. भारा उतरवायलाही कुणीतरी हात लावावा लागतो. आतून संघर्ष आला, पण लगेच पुढं झाला नाही.

"गाय कुठं बांधली?" गोटीरामनं भाऱ्याखालून विचारलं. "तिच्यापुढंच टाकतो."

"गाय नाय," संघर्ष म्हणाला. "काल मंगळवारच्या बाजारात दिली. शेळ्या पण. बायको कांद्याच्या खळ्यावर जाती, मी गाडीवर. बघायला कोण?"

 गोठ्याच्या जागी दोन खुंटे होते आणि जमीन झाडून काढलेली होती.

"मान मोडंल त्याची. हात लाव," यशोदाबाई मुलाला म्हणाली.

संघर्षनं भारा उतरवला. गोटीरामनं डोक्याचं फडकं काढलं आणि तोंड पुसलं. यशोदाबाईनं हात लांब करून भाऱ्यातून एक काडी ओढली. तुरा चिमटीत धरून दाबला. नखावर पांढरा थेंब आला.

"दुधात हाय अजून," ती म्हणाली. "पंधरा दिस थांबायचं व्हतं. बी पिकून झडलं की मग कापायचं. आता तेवढ्या जागेत पुढच्या साली निकामं कुसळच येईल."

गोटीराम खाटेच्या पायाशी उकिडवा बसला. डोळ्यांत घाम उतरला होता तो त्यानं पुसला नाही.

"मला कळत नाय यशोदाबाई," तो म्हणाला. "मला यातलं कायीच कळत नाय."

यशोदाबाई काडीचे तुकडे करत राहिली.

"हे इथं नको ठेवू," मग म्हणाली. "रोज डोळ्यांपुढं दिसंल. परत ने आणि कापलं तिथंच पसरून टाक. बी नाय धरायचं ते, पण भुई झाकली जाईल. उघडी तापली की मूळ मरतं."

"बरं."

"पातळ पसर. ढीग नको घालू."

"बरं."

तो उठला. चुंबळ डोक्यावर बसवली आणि भाऱ्यापाशी वाकला. एकट्यानं उचलला जाणार नव्हता, हे तिघांनाही दिसत होतं. संघर्ष पायऱ्या उतरून आला. दोघांनी मिळून भारा उचलला. गोटीरामनं मान ताठ केल्यावर संघर्षनं भारा जरा मागं सरकवून नीट बसवला आणि हात काढून घेतला.

परत येताना उन्ह टाळूवर आलं होतं. भारा वाळून हलका व्हायला हवा होता, तो जड लागत होता. पारावरची माणसं आता जास्त झाली होती. या वेळी एकानं विचारलंच, "अण्णा, हे काय? तिकडं नेलं, परत इकडं आणलं. गवत हाय तरी कुणाचं?"

गोटीराम थांबला. थांबल्यावर भार मानेत उतरला.

"यशोदाबाईचं," तो म्हणाला, आणि माळाच्या वाटेला लागला.